सोनमच्या आईची पायपीट

तिसऱ्या चाळीतून बाहेर पडता पडता कावेरीच्या चपलेचा अंगठा तुटला. तिनं दोन्ही चपला काढल्या, पिशवीत कोंबल्या आणि सिल्वासातल्या डोकमर्डीच्या खडीच्या रस्त्यावरून तशीच अनवाणी चालू लागली. बरोबरच्या विजयाबाई म्हणाल्या, अगं, कोपऱ्यावर चांभार बसतो, दोन मिनिटं थांबू. कावेरीनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"कंपनीची पाळी सुटायच्या आत आमच्या चाळीतल्या केसरबाईचं दार गाठायचंय, बाई. गडी घरी आले का मग जेवण आणि झोप. आपल्याशी कोण बोलतो?"

दुपारपासून दोघी दारं ठोठावत होत्या. विजयाबाई शिकवायच्या त्या मराठी शाळेत बालवाडीपासून दुसरीपर्यंतची निम्मी पोरं गोवराच्या लसीवाचून होती. दवाखान्यात टोचायचा वार बुधवार, आणि बुधवारी जायचं तर कंपनीत खाडा. म्हणून नर्सलाच शाळेत बोलवा, असं कावेरी आणि तिच्यासारख्या चार आया महिनाभर सांगत होत्या. मुख्याध्यापक विश्वनाथ सरांनी शेवटी तोडगा काढला, तोही आपलं अंग राखून. उद्याच्या पालकसभेत निम्म्याहून जास्त हात वर आले तर बोलावू. नाहीतर कुणाच्या पोराला ताप आला की लोक माझीच गचांडी धरायचे.

"सरांची गचांडी," कावेरी चालता चालता म्हणाली. "तेवढीच मोलाची वस्तू आहे त्या शाळेत."

विजयाबाईंना हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. त्या राजापूरकडच्या. नोकरीमुळे सिल्वासात आल्या आणि टोकरखाड्याच्या वस्तीतच रुजल्या. सकाळी देवापुढे दिवा लावल्याशिवाय त्या चहा घेत नाहीत. पण गेल्या महिन्यात दिवा लावतानाही त्यांचं मन शांत नव्हतं, कारण वर्गात पहिल्या बाकावर सोनम बसत होती.

सोनम कावेरीची लेक. तिला ऐकू येत नाही. तिला बोलवायचं तर फरशीवर पाय आपटायचा. हादरा तळव्याला लागला की ती मान वळवते. हे कावेरीनंच विजयाबाईंना शिकवलं होतं, शाळेत घालायला आणली त्या पहिल्याच दिवशी.

कावेरी शिरपूरकडची. लग्न होऊन सुकदेवबरोबर इथं आली ती धाग्याच्या कंपनीत बॉबिनी बदलायला. सोनमचा जन्म गावी. तिला टोचायला नेलं तर गावच्या दवाखान्यातले म्हणायचे, राहता सिल्वासात ना, तिकडंच घ्या. इथले विचारायचे, गावचं कार्ड कुठंय? दोन्हीकडचे खुर्चीत बसलेले, आणि ही पोर काखेत घेऊन उभी. असं करता करता पोर चार वर्षांची झाली.

त्या वर्षी श्रावणात सुट्टी मिळाली नाही म्हणून चाळीतल्या खानदेशी बायांनी केसरबाईच्या खोलीतच कानबाई बसवली. गावाकडं कानबाईच्या प्रसादाचा रोट फक्त भाऊबंदांनी खायचा. इथं भाऊबंद कुठून आणायचे? म्हणून सगळी चाळच भाऊबंद झाली. आणि नेमकं त्याच दिवशी सोनमच्या अंगावर लाल पुरळ उठलं. केसरबाईनं हात जोडले. म्हणाली, आई पोरीच्या अंगात उतरली, औषधपाणी काही करू नका. तापानं फणफणलेल्या पोरीला तिनं देवीशेजारी पाटावर बसवलं. आख्ख्या चाळीनं आपापली लेकरं आणून तिच्या पाया घातली, आणि तिच्याच हातून प्रत्येकाच्या तोंडी रोटाचा तुकडा दिला.

आठवडाभरानं घरोघर पोरं फणफणली. चाळीतल्या नथूचं तान्हं गेलं. नथू बायकोला घेऊन गावी गेला, तो परत आलाच नाही. सोनमचा ताप उतरला, पण कानातून पू वाहायला लागला, आणि तो थांबला तेव्हा तिचं ऐकणं गेलं होतं. चाळीत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. बोलत मात्र कुणी नाही. देवीचं नाव निघालं की सगळ्यांच्या जिभेला कुलूप.

केसरबाई दारातच गहू निवडत बसली होती. विजयाबाईंना तिनं बसायला पाट दिला, कावेरीला दिला नाही. विजयाबाईंनी उद्याच्या सभेचं समजावून सांगितलं. तुमच्या शब्दाबाहेर चाळ नाही, तुम्ही एक हात वर केलात की वीस हात वर येतील, असंही म्हणाल्या. केसरबाई सुपातून मान वर न काढता ऐकत राहिली.

"आईचं देणं असतं ते, मास्तरीणबाई. सुया टोचून तिला आडवं गेलं तर ती कोपते. तुम्ही कोकणातल्या, तुम्हाला आमची कानबाई काय समजणार?"

"देवी माझ्याही घरात आहे, केसरबाई," विजयाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता आणि त्यांनी तो चढू दिला. "रोज तिच्यापुढं डोकं टेकते मी. तिनं कधी कुणाचं लेकरू मागितलेलं मी पाहिलं नाही. आपल्या चुकांचं खापर तिच्या माथ्यावर फोडू नका."

सूप थांबलं. केसरबाईची नजर कावेरीच्या अनवाणी पायांवर गेली, तिथून रस्त्याकडं. उद्या माझ्या गुडघ्यांना बरं नसेल, असं म्हणून तिनं सूप उचललं आणि आत गेली. दार लोटलं गेलं. शेजारच्या दोन खोल्यांची दारंही हळूच लोटली गेली.

तेवढ्यात कंपनीचा भोंगा झाला. डबे घेतलेली माणसं रस्त्याला लागली. त्यांच्या उलट दिशेनं दोघी टोकरखाड्याकडं निघाल्या. किती हात वर येतील याचा हिशेब विजयाबाई मनातल्या मनात मांडत होत्या आणि तो काही केल्या निम्म्याच्या वर जात नव्हता. खडी पायाला टोचत असणार, पण कावेरी रस्त्याच्या मऊ कडेला सरकली नाही.

"बाई," ती शेवटी म्हणाली, "उद्या केसरबाई येईल. गुडघे धरून येईल, पण येईल. कोण हात वर करतंय ते पाहायला तरी येईलच."

"येऊ दे. मी पुन्हा बोलेन."

"बोलून झालं ना महिनाभर." कावेरी थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "नथूचं बाळ कुणाला दाखवता येत नाही. सोनम दाखवता येते."

विजयाबाई एकदम म्हणाल्या, नको गं, लेकराला असं चार लोकांत उभं करायचं नसतं.

"मी तिला खुणांनी विचारलंय. ती हो म्हणाली. एवढंच म्हणाली, का कुणी रडू नका म्हणावं." कावेरीनं त्यांचं मनगट धरलं. बॉबिनींनी घासून खरखरीत झालेला तो हात तापलेला होता. "सगळे जमले का तिला पुढं उभी करा, भिंतीकडं तोंड करून. आणि मागून तिच्या नावानं हाक मारा. मी मारली तर लोक म्हणतील, हिचं नेहमीचंच रडगाणं. तुम्ही मारा. तुमचा आवाज आख्ख्या शाळेला ऐकू जातो. तीनदा मारा, चारदा मारा, केसरबाई मान खाली घालेपर्यंत मारा. पण बाई, एक करा. पाय आपटू नका. नुसती हाक मारा."