दोन महिन्यांत येतो म्हणून गेलेला मॅकाय

घरातले किस्से म्हणजे माळ्यावरचं भंगार. कुणी आणून टाकल्याचं आठवत नाही, फेकून द्यायला कुणी धजत नाही, आणि पाहुणा आला की नेमकं तेच त्याच्या डोक्यात पडतं. तुम्ही आता विचारलंय, तर डोकं सांभाळा.

आमचा पणजोबा स्कॉटलंडचा. हसू नका. वेंगुर्ल्याच्या बंदरात काथ्या-सुपारीचा व्यापार करायचा. तिथल्याच बाईशी लगीन केलं, एक पोरगा झाला, आणि एक दिवस "दोन महिन्यांत येतो" म्हणून जहाजात बसला. ते दोन महिने अजून संपले नाहीत! पणजीनं काही वर्षं वाट बघितली. मग पोराला घेऊन मिशनच्या लोकांबरोबर घाट चढली, ती इकडं श्रीरामपूरकडं आली.

मी म्हणतो, पळाला. माझी थोरली बहीण, आक्का, म्हणते, पळाला न्हाई. एवढ्या एका गोष्टीवर आमचं दोघांचं साठ वर्षं भांडण चालू आहे.

*

साहेब गेला, पण त्याचे दोन शब्द मागं राहिले. एक "आय". त्यांच्यात हो म्हणायचं असलं की आय म्हणतात. पणजी तसं म्हणायची, म्हणून आजा, म्हणून बाप, म्हणून आम्ही.

मी तिसरीत असताना मास्तरनं विचारलं, "सामू, गृहपाठ केला का?"

मी म्हणालो, "आय!"

एक छडी बसली. "आयला कशाला हाका मारतो? केला का न्हाई ते सांग!"

"आय, गुरुजी!"

दुसरी बसली. गृहपाठ खरंच केला होता हो! शाळेवरचं माझं मन तिथनंच उडालं. चौथीनंतर त्या दारात पाऊल टाकलं नाही.

*

दुसरा शब्द "वी". म्हणजे थोडंसं, एवढुसं. हा शब्द आमच्या घराबाहेर कुणाला ठाऊक नाही, हे आमच्या आईच्या ध्यानातच नव्हतं.

माझी बायको राहुरीची. नवी नवरी, सासरचा पहिला चहा. आईनं वसरीवरनं सांगितलं, "सूनबाई, साखर वी टाक गं."

हिनं ऐकलं, वीस. आणि मोजून वीस चमचे टाकले! चहा कपातनं खाली पडेना. बापानं तो गुमान पिला आणि म्हणाला, "पोरगी मोठ्या मनाची हाय."

पुढं चाळीस वर्षं ती मला रोज विचारायची, "वी का वीस?" आता विचारायला कुणी नाही. सून डायबेटीसच्या भीतीनं बिनसाखरेचाच आणून ठेवते.

*

आधार कार्डाच्या वेळी कॉम्प्युटरवर एक पोरगी बसली होती.

"बाबा, आडनाव?"

"मॅकाय."

"मका काय?"

"मका न्हाई. मॅकाय!"

"तेच विचारतेय ना बाबा. मका, काय?"

मागं लाईन हसायला लागली. मी म्हणालो, "लिही बाई तुला काय लिहायचं ते!" तिनं "मके" लिहिलं. स्कॉटलंडवरनं निघालेलं आडनाव श्रीरामपुरात येऊन कणसाला लागलं!

*

बापाला एक खोड होती. चार माणसं जमली की म्हणायचा, "आमच्या आज्याची जहाजं हुती." खरं तर जहाज दुसऱ्याचं, आमच्या पणज्याचा नुसता माल. पण बापाला कोण अडवणार?

एका उन्हाळ्यात कॅनॉल कोरडा, हापसा कोरडा. बाया घागरी घेऊन उभ्या, आणि आमच्या बापाची जहाजं सुरूच. शेजारचे सखाहरी तात्या वैतागले. म्हणाले, "जहाजं ऱ्हाऊ दे रं, एक टँकर आन!"

बाप त्या दिवशी जेवला नाही. त्यानं जन्मात समुद्र बघितला नव्हता. शेवटच्या आजारपणात मला म्हणाला, "सामू, लई आवाज करतो म्हनं." मी म्हणालो, "गप पडा आता." असा मी.

*

मागच्या वर्षी पुतण्यानं, सुनीलनं, मोबाईलवर तिकडचे मॅकाय हुडकून काढले. व्हिडिओवर एक म्हातारा आला. नाक हुबेहूब माझ्या बापाचं! मी टोपी नीट केली आणि सुनीलला म्हणालो, "बाकी रामायण नको. एकच विचार. आमचा पणजा तिकडं परत आला का?"

म्हातारा बराच वेळ बोलला. सुनीलनं सांगितलं, "काका, ते म्हणतात, एकदा आईला भेटायला आला होता. महिनाभर राहिला. बायको-पोरगा वाट बघतायत म्हणून इंडियाला निघाला. मग त्याचं पत्रच नाही. आई मरेपर्यंत वाट बघत होती."

मग आक्का म्हणाली, "मंजी त्यास्नी वाटलं आपल्याकडं हाय, अन् आपल्याला वाटलं त्यांच्याकडं हाय. मग मधी कुठं गेला?"

दुसऱ्या दिवसापासून तिनं धोसरा लावला. "सामू, तो आला असंल रं. उशीर झाला असंल, पन आला असंल. अन् घराला कुलूप बघितलं असंल. मला येंगुर्ल्याला ने. मरायच्या आत एकदा बघू दे."

*

नेली. वय पंच्याऐंशी, एका डोळ्यात मोतीबिंदू, गाडीत सहा वेळा उलटी. वेंगुर्ल्यात दोन दिवस हिंडलो. गोऱ्यांच्या जुन्या कबरी आहेत, त्या एकूणएक बघितल्या. शेवटी कोपऱ्यात करवंदीच्या जाळीत एक दगड घावला. सुनील पाणी आणायला गाडीकडं गेला होता. आम्ही दोघंच.

आक्कानं पदरानं दगड पुसला. "इंग्रजी हाय का?"

"हाय."

"वाच की मग."

अक्षरं निम्मी झिजलेली, निम्म्यावर शेवाळ. मी दगडावर बोट ठेवलं. "मॅकाय," मी म्हणालो.

आक्का दगडाजवळ सरकली. "अन् खाली? खाली बरंच लिवलंय."

मी बोट खाली सरकवलं. "लिवलंय की, परत आलो. घर बंद हुतं. बायकोला अन् पोराला लई हुडकलं. घावली न्हाईत. मग हितंच ऱ्हायलो."

आक्कानं दगडाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"सामू, पेन्शनच्या कागदावर मराठी सही करायला तुला पाच मिनटं लागत्यात. इंग्रजी कवा शिकला रं?"

मी बोट दगडावरच ठेवलं.

ती खाली मांडी घालून बसली, डोक्यावर पदर घेतला, आणि म्हणाली, "पुन्यांदा वाच. सावकाश वाच."