कपात चहा असेपर्यंत

आमच्या वॉर्डात निवडणूक लागली की एक गोष्ट ठरलेली असायची. माझे मालक आणि खालच्या आळीतले भावजी समोरासमोर उभे राहणार, आणि जो निवडून येईल तो बोटांवर मोजता येतील इतक्याच मतांनी येणार. नवऱ्याला मी चारचौघांत मालकच म्हणत आले, इथेही तेच म्हणते. वॉर्ड केवढासा, धरणाजवळच्या भातसानगरच्या वरच्या अंगाला दोन आळ्या आणि एक पाडा. माहेरी गेलेली सून मतदानाला परतली नाही तरी निकाल फिरायचा. भावजी नात्याने आमचे कोणी नाहीत. ते आणि मालक शाळेत एका बाकावर बसले आणि जन्मभर भांडले. म्हशाच्या जत्रेला बैल बघायला एकाच गाडीने जायचे आणि येताना दोन वेगळ्या गाड्यांनी यायचे.

त्या दोघांनी एक नियम घालून घेतला होता. निकालाच्या संध्याकाळी हरलेल्याने जिंकलेल्याच्या घरी चहाला जायचं. जिंकलेल्याच्या कपात चहा असेपर्यंत हरलेल्याने तोंडाला येईल ते बोलायचं, आणि जिंकलेल्याने एक शब्द उलट काढायचा नाही. कप रिकामा झाला की विषय संपला. मालक जिंकले की भावजी आमच्या ओट्यावर बसून यथेच्छ तोंडसुख घ्यायचे, आणि मालक उकळता चहा भराभर घशाखाली ओतायचे. तोंड भाजलं तरी चालेल, पण हे आवर, असा चेहरा. भावजी जिंकले की त्यांच्या घरीही तीच तऱ्हा. त्यांची बायको मग विहिरीवर सांगायची, आमच्याकडे दोन दिवस बिनतिखटाची भाजी चाललीये.

एका वर्षी मीच खोडी काढली. मालकांना कपाऐवजी मोठ्या स्टीलच्या पेल्यात काठोकाठ चहा दिला. भावजींना कोण आनंद झाला. मालक बिचारे पेल्यात बघत बसले. पाहुणे गेल्यावर माझ्यावर चिडले आणि मग स्वतःच हसत सुटले.

मागचा पाऊस सरता सरता मालक गेले. त्या वेळी मेंबर तेच होते. पाण्याच्या टाकीच्या कामासाठी शहापूरला निघाले होते. "जेवण झाकून ठेव," एवढंच बोलले. वाटेत जीपमध्येच गेले. जीपवाला नंतर म्हणाला, ते बसतानाच छाती चोळत होते. डॉक्टर म्हणाले, दुखणं आदल्या दिवसापासूनचं असणार. आदल्या दिवशी आम्ही दोघं दिवसभर घरात होतो, वाल सोलत बसलो होतो. मला काही बोलले नव्हते.

दिवसकार्याला गाव लोटलं. जो तो सांगत होता, देवमाणूस होता, लोकांची सेवा करता करता देह ठेवला. मी मान हलवत होते. आतून मला त्यांचा इतका राग आला होता की तो कुठे ठेवू कळत नव्हतं. आणि देवमाणसाच्या बायकोला राग येऊन चालत नाही. मुलाला सांगावं तर तो आधीच खचलेला. तो वाशिंदला कंपनीत आहे, चार दिवस राहून ड्युटीवर गेला. मग माणसं पांगली. संध्याकाळी दिवा लावला की घरात माझ्याशिवाय हलणारी एकच वस्तू असायची, भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान.

भावजी दहाव्याला आले, कोपऱ्यात बसले, कोणाशी बोलले नाहीत. त्यानंतर आले नाहीत. एकट्या बाईच्या ओट्यावर पुरुषमाणूस येऊन बसत नाही, ते मलाही कळत होतं. पण मालकांना जसे होते तसे ओळखणारा तो एकच माणूस गावात उरला होता, आणि मला त्याच्याशी एकदा बोलायचं होतं.

पोटनिवडणूक लागली. पुतण्या चार पोरांना घेऊन आला आणि म्हणाला, "काकी, तुमीच उभ्या ऱ्हा. लोकांची सहानुभूती हाये. दुसरा कोन टिकायचा नाय खालच्या आळीसमोर." मी नको म्हटलं. पण घरात पुन्हा माणसांचा आवाज होता, चुलीवर मोठं पातेलं चढलं होतं. माझं नको फार वेळ टिकलं नाही. खरं सांगायचं तर मला मेंबरकीचं काही नव्हतं. जिंकले काय, हरले काय, निकालाच्या संध्याकाळी भावजींची आणि माझी गाठ पडणार होती, हे डोक्यात होतं.

मला कपाट निशाणी मिळाली, भावजींना छत्री. बॅनरवर माझ्यापेक्षा मालकांचा फोटो मोठा. फोटो कुठल्याशा लग्नातला, शेजारचा माणूस कापून टाकलेला, पण त्याचा हात मालकांच्या खांद्यावर तसाच राहिला होता. मनगटावर तांब्याचं कडं. भावजींचं कडं मी ओळखते. पोरांच्या ते लक्षात आलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. देवळापुढच्या बॅनरखालून जाताना मी आधी त्या हाताकडे बघायचे.

भावजींची सभा देवळापुढेच झाली. मी घरात होते, पण भोंगा आमच्याच दिशेला होता. इकडचं तिकडचं बोलून ते मालकांवर आले. "तो हट्टी व्हता," म्हणाले. "टाकी खाली बांधू नको, पाड्याला पानी चढायचा नाय, असा मी घसा सुकवून सांगितला. ऐकला नाय. चुकला. आनि चुकलो असा जन्मात कबूल केला नाय. धरनाच्या उशाला ऱ्हाऊन पाड्याच्या बाया आजबी हंडा घेऊन खाली येतात."

पुतण्या लाल होऊन आत आला. मेलेल्या माणसाला बोलतात, काकी, उद्या तुम्ही यांना सोडायचं नाही. मी पदर तोंडाला लावून बसले होते, त्याला वाटलं मी रडतेय. मला हसू येत होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या नवऱ्याबद्दल बोललं होतं. तो हट्टी, तो चुकणारा, तो कबूल न करणारा. तो माणूस मी ओळखत होते.

दुसऱ्या दिवशी आमच्या सभेत पुतण्याने माईक माझ्या हातात दिला. समोर सगळं गाव. मी एवढंच म्हणाले, "काल भावजी बोलले ते खरं हाये. टाकीची जागा चुकली. मीबी तवा सांगितला व्हता, माझाबी ऐकला नाय." कुठेतरी मागे एक बाई हसली. पुतण्याने माईक काढून घेतला.

शहापूरला तहसील कचेरीत मोजणी झाली. मी पडले, आणि पडले ती आमच्या वॉर्डाच्या रीतीप्रमाणे थोडक्यात. पुतण्या गाडीत माझ्याकडे न बघता म्हणाला, "काकी, तुमीच घालवलात." त्याचं बरोबर होतं. दुपारपर्यंत ओट्यावरच्या खुर्च्या मंडपवाला घेऊन गेला. पातेलं मी एकटीनेच घासलं. गुलालाची मिरवणूक घरावरून गेली, वाजवणाऱ्यांनी आमच्या दारापुढे वाद्यं थांबवली, पुढे जाऊन पुन्हा सुरू केली. त्या थांबण्याने मला जास्त लागलं.

ऊन उतरल्यावर मी लुगडं बदललं आणि खालच्या आळीला निघाले. हरलेल्याने जायचं असतं.

भावजी अंगणात बाजेवर बसले होते, कपाळावर गुलाल. मला बघून उठले. "वयनी, तुमी आलात," म्हणाले, आणि मग काय करावं ते न सुचून बाज झटकली. त्यांची बायको चहा घेऊन आली, दोन कप. भावजींनी आपला कप तिच्या हातात परत दिला. "मला मोठ्या पेल्यात दे," म्हणाले. "काठोकाठ."

ती चक्रावली. मला कळलं.

मग मी बोलले. आधी टाकीवर बोलले, छत्रीवर बोलले, तुमच्या पोरांनी रात्री आमची बॅनरं फाडली त्यावर बोलले. भावजी मान खाली घालून ऐकत होते. आणि मग जे बोलायला आले होते ते आपोआप आलं. "दिवसभर समोर बसून वाल सोलले वो भावजी. छातीत दुखतंय एवढा बोलायला काय जात व्हता? मी काय परकी व्हते? जेवन झाकून ठेव म्हनले. मी झाकून ठेवला. लोक म्हनतात देवमानूस. मला त्याचा राग येतो. मेला तरी येतो." मी मोठ्याने रडले, दुसऱ्याच्या अंगणात, उजेड असताना. नियमाप्रमाणे भावजी काही बोलले नाहीत. डोळे पुसले तेवढे.

किती वेळ गेला माहीत नाही. चहावर साय धरली होती. पेल्याच्या तळाला घोटभर उरला होता आणि भावजी काही तो उचलत नव्हते. त्यांच्या बायकोला वाटलं गार झाला म्हणून टाकून दिलाय, तिने पेला न्यायला हात पुढे केला.

भावजींनी पेल्यावर तळहात ठेवला. "ऱ्हाऊ दे," म्हणाले. "अजून चहा हाये."

मग मी त्यांना आमच्या लग्नात मालकांनी काढलेलं भांडण सांगायला घेतलं.