रोह्याच्या मुलींची पाचवी कोच

रोह्याच्या एका कबड्डी क्लबने मुलींच्या संघाची कोच व्हाल का, असं विचारलं तेव्हा बरं वाटलं. मग कळलं, चार वर्षांत तिथे चार कोच झालेत. हो म्हणण्याआधी बघून येऊ, म्हणून शनिवारी सकाळी पनवेलहून एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढाच दिलासा.

पेणला उतरले ती शाळेतल्या माझ्या सरांसाठी. तेवीस वर्षं ते एकाच मंडळाचे कोच आहेत. काकूंनी पोह्याचे पापड भाजले. इतकं टिकायचं कसं, मी विचारलं. सर पापड मोडत म्हणाले, "मला काढलं नाय, कारण दुसरं कोण यायलाच तयार नव्हतं." मंडळाने मोठं बक्षीस शेवटचं कधी आणलं, हेही त्यांना नीट आठवेना. म्हणजे टिकणंही चांगलं नाही की काय?

पुढे वडखळला गाडी अडकली, नागोठण्यापर्यंत पाठ खिळखिळी झाली. दिवा-रोहा रेल्वेची वेळ जमली तर तीच घ्या. रोह्यात तांदळाची भाकरी आणि बांगडा मात्र चुकवू नका.

संध्याकाळी मैदानावर मुली जोरात खेळल्या, पण पकडीच्या वेळी प्रत्येकीला वेगळ्याच कोचचं शिकवलेलं आठवत होतं. कप्तान वैशालीची पकड बघून मी म्हटलं, तू डाव्या कोपऱ्यात शोभशील. ती हळूच म्हणाली, "पहिल्या सरांनी डावीकडं उभं केलं, दुसऱ्यांनी मधी, तिसऱ्यांनी परत डावीकडं. चौथ्यांनी उजवीकडं टाकलं, तिथं आता कुठं पाय बसलाय. मॅडम, तुम्ही किती दिवस हाय?"

मी तिला उजवीकडेच उभं राहू दिलं.

क्लबच्या सेक्रेटरींना मी सांगितलं, पहिले तीन महिने काहीच बदलणार नाही. ते खरोखर गोंधळले. "मग नवीन कोच आणून उपयोग काय?" त्यांचंही चूक नव्हतं, हीच पंचाईत.

घरी येऊन दोन दिवस विचार केला. दोन वर्षांचं लेखी द्या, नाहीतर नको, असं ठरवून फोन लावला. ते म्हणाले, एक वर्ष बघू. मी हो म्हटलं. का, ते नवऱ्यालाही समजावता आलं नाही.

वर्षभरात मला काढतील, किंवा कुणीच न आल्याने मी तिथेच म्हातारी होईन. यातलं जास्त वाईट काय, अजून कळत नाही. रोह्यात खोली मात्र घेतलीय.