खडूची कमान

मरियामातेच्या कोनाड्यासाठी बायकोनं, रोझीनं, अंगणात दोरीचं टोक अंगठ्यानं दाबलं आणि मी खडूनं कमानीची उजवी बाजू ओढली. फादर सांगायचे, जुन्या काळी चर्चची टोकदार कमान अशीच आखत. उजवी ओढताना दोरी डावीच्या पायाशी धरायची, डावी ओढताना उजवीच्या. एकट्या बाजूनं कमान होतच नाही.

"चहा झाला की तुम्ही धरा, मी ओढते. वाकडी आली तर बोंबलू नका," असं म्हणून ती चहा ठेवायला गेली. चुलीपाशीच तिनं प्राण सोडला.

"भावोजी, माणसं येतील, अंगण धुते," मेहुणी म्हणाली.

"पाणी टाकून तर बघ!"

देवाची मर्जी, म्हणे. असेल त्याची. अर्धी कमान मी ठेवणार नाही.

सकाळी माझ्या जागी खिळा ठोकला आणि तिची बाजू मी ओढली. वाकडी आली. पुसली नाही.