अक्कांनी वाटलेली साखर

अक्कांना गप्प मी एकदाच पाहिलं, आणि तेव्हा त्या झोपल्या होत्या. नात्यानं माझी थोरली आत्या, पण बंगलोरच्या मल्लेश्वरममधली आमची अख्खी गल्ली त्यांना अक्काच म्हणायची. कुणाचं लग्न मोडो की कुणाची म्हैस आटो, अक्कांचा निकाल तयार. "स्वल्प थांब, मी सांगते," म्हणायच्या. थांबावं लागायचं ते ऐकणाऱ्यालाच.

पन्नास साल उलटून काही वर्षं झाली होती. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना अप्पांना, माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. अक्का ट्रंक घेऊन आल्या आणि आईला त्यांनी स्वयंपाकघरात बसवलं. धाकट्या भावाला त्या कानडीत 'तम्मा' म्हणत. सेवा मात्र अशी केली की अप्पांच्या पाठीला एक जखम झाली नाही. हे कबूल करताना माझं तोंड अजून कडू होतं.

डॉक्टर बजावून गेले होते, "लुळा हात आपोआप उडू लागला तर ती फिट समजा. लगेच बोलवा." चौथ्या आठवड्यात एका सकाळी अप्पांची उजवी बोटं थडथड उडू लागली. अक्का ओरडल्या, "हात आला! माझ्या तम्माचा हात आला!" आणि गल्लीभर साखर वाटायला निघाल्या.

"अक्का, डॉक्टरांनी सांगितलं होतं..." मी म्हटलं.

"डॉक्टराला काय कळतंय गं? मेलेला हात कधी हलतोय काय? जीव येतोय त्यात. सुई टोचून परत निजवेल तो."

दुपारी खांदा उडू लागला, मग सगळं अंग. आईनं शेजाऱ्यांना पाठवून डॉक्टर आणवले, तोवर एक फिट थांबायच्या आत दुसरी येत होती. संध्याकाळी अप्पा गेले.

पुढं वर्षानुवर्षं अक्का सांगत राहिल्या, "जाण्याआधी देवानं तम्माचा हात मोकळा केला." मला त्यांचा तिटकारा आला होता. एकदा माझ्याच घरी असह्य होऊन मी म्हटलं, "फिट होती ती. तुम्ही मारलंत अप्पांना."

अक्का रडल्या नाहीत. कॉफीचा पेला खाली ठेवून म्हणाल्या, "सरी, बरं. मी अडाणी, मला हात दिसला. तुला तर फिट दिसली होती ना? मग डॉक्टराकडं तू का गेली नाहीस?"

अक्का जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मी त्यांच्यावरचा राग सोडलेला नाही. सोडला तर त्या प्रश्नाचं उत्तर मला द्यावं लागेल.