रिकाम्या बरणीतला जीव

आत्याच्या हातून घरातला एक कप धड राहिला नाही. कान तुटलेल्या कपांची रांग पाहून तिची आई म्हणायची, "हिच्या हाती काचेच्या बरण्या देणारे धन्य!" पण खोल समुद्रातल्या जेलीसारख्या लिबलिबीत जिवांचा अभ्यास करताना हीच धांदरट आत्या श्वाससुद्धा बेताने घ्यायची.

जाळ्यातून वर येईस्तोवर त्या जिवांचा लगदा व्हायचा. निम्मं आयुष्य तिने लगदाच निरखला. शेवटी देवाने ऐकलं. पाण्याखालच्या यंत्राने अलगद ओढून घेतलेला एक जीव अख्खा वर आला. काचेसारखा आरपार, अंगावर चमचमत्या केसांच्या आठ ओळी. असा आजवर कुणी पाहिला नव्हता. पण नव्या जातीची नोंद व्हायची तर नमुना संग्रहालयात ठेवावा लागतो, आणि हे नाजूक पाहुणे नमुने टिकवायच्या औषधात टिकता टिकत नाहीत.

शीतखोलीत स्वेटरवर शाल गुंडाळून आत्याने त्याचं मनसोक्त चित्रण केलं आणि देवाचं नाव घेऊन त्याला औषधात सोडलं. बघता बघता तो विरघळला. बरणीत नितळ पाणी!

"तुला बघायला आलेल्या स्थळांसारखंच झालं की," तिचा दादा म्हणाला. "आलं, दिसलं, गायब!"

"तुला पाहून पळाली ती," आत्या फणकारली. पण त्या दिवशी ती जेवली नाही.

तीच बरणी घेऊन ती आईसोबत संग्रहालयात गेली. तिथल्या बरण्या सांभाळणाऱ्या काकांनी बरणी उजेडात धरली, चष्मा पुसला, पुन्हा धरली.

"बाई, यात काही नाही."

"आहे. विरघळलाय."

"उद्या कुणी नळाचं पाणी आणून देईल!"

आईला राहवेना. "अहो, देव तरी कुठे दिसतो? म्हणून नाही म्हणाल?"

"आजी, देवाची नोंद माझ्याकडे नसते."

आत्याने चित्रण लावलं. काळोखात तो जीव तरंगत आला, आठही ओळींवरून रंग ओघळले. काका खुर्चीतून उठून पडद्याला नाक लावून उभे राहिले.

"परत लावा," ते म्हणाले. मग पुन्हा, "परत."

शेवटी घसा खाकरत म्हणाले, "तज्ज्ञांनी या चित्रणावरून जात मान्य केली, तर घेतो बरणी."

तज्ज्ञांनी नाकं मुरडली, शंका काढल्या, आणि मान्य केली. आत्या पुन्हा बरणी घेऊन गेली. तिच्या हातात काच म्हणून आई वाटभर नामस्मरण करत होती. काकांनी सुवाच्य अक्षरातली चिठ्ठी डकवली, बरणी फळीवर ठेवली आणि दबक्या आवाजात म्हणाले,

"झाकण घट्ट आहे ना, बाई? परत निसटायचा!"