अक्कांच्या वाट्याचा कर

कौसल्याअक्कांना एखादी गोष्ट खोटी वाटली की त्या ती पुन्हा सांगायला लावत. 'खोटं' हा शब्द मात्र वापरत नसत. शिलाई मशीन थांबवायची, सुई वर घ्यायची आणि म्हणायचं, "माले कमी समजस. हळू सांगा." दारावरचा भाजीवाला दुसऱ्यांदा भाव सांगताना हमखास खाली येई. धुळ्यात मी वार्ताहर होतो आणि त्यांच्या शेजारी राहत होतो. मुलाखतीची ही पद्धत मला कोणत्याही संपादकाने शिकवली नव्हती.

अक्का आयटीआयमध्ये शिवणकाम शिकवून निवृत्त झाल्या होत्या. लग्न का केलं नाही, असं कोणी विचारलं की विचारणाऱ्यालाच नखशिखांत न्याहाळून म्हणत, "मापना नवरा भेटना नही."

एका वर्षी घरमालकाने त्यांच्या राहत्या दोन खोल्या विकायला काढल्या. अक्कांनी त्या घ्याव्यात, नाहीतर रिकाम्या कराव्यात, असं त्याने कळवलं. त्याच सुमारास जुन्या दाव्याचा निकाल लागला. वडिलांची सोनगीरजवळची शेतजमीन महामार्गात गेली होती. वाढीव मोबदल्यासाठी ते कोर्टात गेले आणि निकालाआधीच वारले. आता तो मोबदला व्याजासह दोन वारसांना मिळणार होता: अक्कांना आणि त्यांचा धाकटा भाऊ प्रल्हाद याला. खोल्या राहणार की जाणार, हे अक्कांच्या वाट्यावर ठरायचं होतं.

प्रल्हाद जळगावहून आला तो हक्कसोडपत्र टाइप करूनच. बहिणीने आपला वाटा भावाला सोडला, असा तो कागद. साक्षीदार म्हणून मला हाक मारली गेली. साक्षीदारासमोर प्रल्हाद पुस्तकी मराठी बोलत होता.

"अक्का, पैसा येतोय खरा, पण अर्धा करातच जाणार. नोटिसा येतील. या वयात तू कुठे चकरा मारशील? सही कर, सगळं मी अंगावर घेतो."

मशीन थांबली. सुई वर गेली. "माले कमी समजस, भाऊ. हळू सांग."

"म्हणजे, व्याज आहे ना, ते अर्धं जाणार."

"अजून हळू."

प्रल्हाद पाणी प्यायला. "अर्ध्या व्याजावर कर आहे. जो काय बसेल तो."

"आन् जमिनीना पैसावर?"

"त्याच्यावर नाही. गावाकडची शेतजमीन होती ती."

जळगावच्या कर सल्लागाराने त्याला या शेवटच्या दोन गोष्टीच सांगितल्या होत्या, हे मी नंतर विचारून घेतलं. धुळ्याला पोहोचेपर्यंत त्यात वाढ झाली होती.

अक्कांनी कागद पुढे ओढला, टाइप केलेल्या नावांवर बोट ठेवलं आणि फार मायेने म्हणाल्या, "तुना डोकाले एवढा ताप कशाले? तुले बीपी शे. आपण नावं उलटी करूत. तुना हिस्सा मना नावे कर. बठ्ठा कर मी भरसू, पै आन् पै. नोटिसा बी मीच लेसू."

"नको, नको. तुला त्रास."

"माले कसाना तरास? मी रिकामीच शे. साक्षीदार बी बशेल शे."

मी पेनाचं टोपण काढलं. प्रल्हादने कागदाची घडी घालून ती खिशात टाकली. अक्कांनी चहा ठेवला आणि चहा उकळेपर्यंत त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण शिवून दिलं.

अक्कांनी आपला वाटा घेतला, खोल्या घेतल्या आणि कर भरला. प्रल्हादलाही सोबत नेऊन भरायला लावला.

गेल्या हिवाळ्यात अक्का गेल्या. मृत्युपत्रात खोल्या प्रल्हादच्या मुलीच्या, वैशालीच्या, नावे निघाल्या. ती चोपड्याच्या शाळेत शिकवते. प्रल्हाद मला म्हणाला, "पोरीच्या जातीला धुळ्यात खोल्या कशाला? लग्न होऊन जाईल. तिच्या भावाच्या, माझ्या मुलाच्या, नावे सही देईल ती." तेच त्याने वैशालीलाही सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"पप्पा, मी धुळ्याच्या शाळेत नोकरी घेतलीय," ती म्हणाली. "रविवारी टेम्पो येईल."

रविवारी टेम्पो आला. टेम्पोवाला जिन्याचे जादा पैसे मागू लागला, म्हणून भरलेली गॅसची टाकी प्रल्हादने स्वतःच खांद्यावर घेतली.